पाळकाच्या घरात नव्यानं राहायला जाताना

नव्या वर्षाची दिनदर्शिका हातात आली की मंडळीचे, म्हणजे चर्चच्या सभासदांचे, कार्यक्रम लिहिण्याआधी घरच्या तारखा लिहून टाका. पाळकाची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूची, बायको म्हणून हे काम मी स्वतःकडे घेतलंय, कारण पाळकाला "नाही" म्हणणं जड जातं. रविवार आपल्या कामाचा, म्हणून सुट्टीचा दुसरा एक वार ठरवा आणि तो उपासनेनंतरच्या सूचनांत मंडळीला उघड सांगा. ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो आणि त्याच्याबरोबर भस्म बुधवारपासून (ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस) पेंटेकॉस्टपर्यंत (ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणारा सण) सगळंच पुढेमागे होतं. मुलांची परीक्षा पवित्र सप्ताहात, म्हणजे ईस्टरआधीच्या आठवड्यात, येतेय का, ते आधीच बघून ठेवा.

मृत्यू आणि गंभीर आजार यांसाठी दार मध्यरात्रीही उघडायचं. खुर्च्या, किल्ल्या, गायनवृंदातला रुसवा सकाळपर्यंत थांबू शकतो. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या 18व्या अध्यायात इथ्रो आपल्या जावयाला, मोशेला, हेच बजावतो: सगळी प्रकरणं एकट्यानं ऐकशील तर तूही थकशील आणि लोकही. सासऱ्यानं दिलेला हा सल्ला कमिटीच्या पहिल्याच सभेत वाचून दाखवा आणि कामं वाटून घ्या.

छोट्या गावात लोक रस्त्यातच पाळकबाईंना गाठून निरोप देतात. तो घेऊ नका. "त्यांच्याशीच बोला ना, संध्याकाळी घरी असतात," असं प्रेमानं सांगा. आणि कुणी पाळकांपाशी मन मोकळं केलं असेल, तर ते काय बोलले हे आपणही विचारू नये. मी विचारत नाही. त्यामुळे कुणी खोदून विचारलं तरी "मला माहीत नाही" हे मी खरेपणानं म्हणू शकते.

मुलांबद्दल मात्र मला पोटतिडकीनं सांगायचंय. पाळकाची मुलं म्हणजे मंडळीचे बिनपगारी सेवक नव्हेत. पेटी वाजवायची, संडे स्कूल घ्यायचं, तर त्यांना विचारून. उपदेशात त्यांचा किस्सा सांगायचा असेल तर आदल्या दिवशी त्यांची परवानगी घ्या, आणि मूल नको म्हणालं तर तो किस्सा गाळा. इंग्लंडमधल्या एपवर्थ या छोट्या गावात सुझॅना वेस्ली पाळकाचा संसार करत होत्या. 1705मध्ये त्यांचे पती कर्जापायी तुरुंगात गेले, 1709मध्ये घर जळालं. तरी 1712च्या एका पत्रात त्या लिहितात की रोज संध्याकाळी एकेका मुलाशी एकांतात बोलायचा वार त्यांनी ठरवला आहे. गुरुवार जॉनचा, शनिवार चार्ल्सचा. पुढे मेथडिस्ट ही ख्रिस्ती चळवळ उभी करणारे ते हेच भाऊ. आपल्या घरात दोनच मुलं असतील तर हे मुळीच अवघड नाही. फक्त त्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

राहिला पैसा. मानधन, प्रवासखर्च, घराची दुरुस्ती कोण करणार, हे रुजू होण्याआधी लेखी घ्या. त्यात संकोच नको, मजूर आपल्या मजुरीस योग्य आहे असं शास्त्रच, म्हणजे बायबलच, म्हणतं. मंडळीचं घर सेवा असेपर्यंतच आपलं असतं. म्हणून निवृत्तीनंतरच्या छपरासाठी पहिल्या मानधनापासूनच थोडी रक्कम बाजूला टाका, आणि ती दोघांच्या नावावर ठेवा.