दिव्यांग मुलासाठी सेवाभावी संस्थेची मदत कशी घ्यावी

मूल वेळेवर मान धरत नाही, हाकेला प्रतिसाद देत नाही किंवा दीड वर्ष उलटूनही एखादा शब्द बोलत नाही असे जाणवले, की ‘मुलगे उशिराच बोलतात, थोडे थांबा’ असा सल्ला घरोघरी मिळतो. तो मानू नये. निदान पक्के होण्याआधीही विकासाला चालना देणारे उपचार सुरू करता येतात आणि त्यासाठी पहिली काही वर्षे सर्वांत मोलाची असतात. सुरुवात जिल्हा रुग्णालयापासून करावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत चालणाऱ्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात मुलाची तपासणी विनामूल्य होते, आणि तिथून मिळालेला लेखी अहवाल पुढे कोणत्याही संस्थेत उपयोगी पडतो.

त्यानंतर प्रश्न येतो संस्थेच्या निवडीचा. महाराष्ट्रात या कामाची परंपरा जुनी आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी मुंबईची जय वकील संस्था १९४४ पासून, तर पुण्याची कामायनी १९६४ पासून काम करते. डॉ. मिथू अलूर यांनी १९७२ मध्ये स्थापन केलेली स्पास्टिक्स सोसायटी आज ‘अडॅप्ट’ या नावाने ओळखली जाते, आणि कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था शारीरिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी काम करते. तरीही केवळ नाव ऐकून दूरच्या संस्थेमागे धावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रोज चार तास प्रवास करून थकलेले मूल अर्ध्या तासाच्या उपचारातून फारसे काही घेऊ शकत नाही. मोठ्या संस्थेत सविस्तर मूल्यमापन करून घ्यावे, घरी करायचा कार्यक्रम लिहून आणावा आणि नियमित उपचार मात्र जवळच्या केंद्रात करावेत, ही व्यवस्था बहुतेक कुटुंबांना झेपते.

संस्था पाहायला जाताना मुलाला सोबत न्यावे आणि शक्यतो जेवणाच्या वेळी जावे, कारण संस्थेची खरी ओळख तेव्हाच पटते. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतील इजेमुळे हालचालींवर नीट ताबा न राहणे, असलेल्या मुलाला आडवे धरून किंवा मान मागे टाकून भरवले, तर घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. जाणकार ताई मुलाला आधाराच्या खुर्चीत ताठ बसवते, त्याची हनुवटी किंचित खाली राहील असे पाहते, स्वतः त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसते, चमचा समोरून ओठांपाशी आणते आणि पहिला घास गिळून झाल्याशिवाय दुसरा भरवत नाही. हे सारे ती आईलाही करून दाखवते का, हे आवर्जून पाहावे. पालकांना दाराबाहेर बसवून ठेवणारी संस्था कितीही चकचकीत असली, तरी तिथे प्रवेश घेण्याआधी दोनदा विचार करावा, कारण मुलाचा दिवसाचा उरलेला सारा वेळ घरीच जाणार असतो.

विशेष शिक्षकांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे (आरसीआय) नोंदणी आहे का, संस्था दिव्यांग हक्क कायद्याखाली नोंदणीकृत आहे का, आणि देणगीची पावती मिळते का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. स्वमग्नता (ऑटिझम) ‘पूर्ण बरी करतो’ असे आश्वासन देणाऱ्यांपासून, विशेषतः त्यासाठी मूलपेशींचे (स्टेम सेल) महागडे उपचार सुचवणाऱ्यांपासून, दूर राहावे.

कागदपत्रांत यूडीआयडी, म्हणजेच दिव्यांगांचे वैश्विक ओळखपत्र, सर्वांत आधी काढावे. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. लहान मुलांना अनेकदा ठरावीक मुदतीचे प्रमाणपत्र मिळते, तेव्हा मुदतीची तारीख लक्षात ठेवावी. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुदिव्यांगत्व असेल, तर राष्ट्रीय न्यास (नॅशनल ट्रस्ट) या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण नाममात्र शुल्कात मिळते आणि त्यात थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत बसतो. न्यासाकडे नोंदणी असलेली संस्था हा अर्ज भरून देते. खर्चाची भरपाई मागाहून मिळत असल्याने प्रत्येक बिल जपून ठेवावे.

शस्त्रक्रियेची वेळ आली, तर धर्मादाय रुग्णालयांची तरतूद विसरू नये. महाराष्ट्रात या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका घेऊन रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकांना भेटावे, आणि खाट नाकारली गेल्यास धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे लेखी तक्रार करावी. हा हक्क आहे. तो मागताना मान खाली घालण्याचे काहीच कारण नाही.

आईच्या थकव्याविषयी मात्र कोणत्याही अर्जात रकाना नसतो. म्हणून संस्थेत पालक गट आहे का, काही तास किंवा काही दिवस मुलाला सांभाळण्याची सोय आहे का, आणि भावंडांशी कोणी बोलते का, हे आपणहून विचारावे. जिथे गट नसेल, तिथे चार पालकांनी मिळून महिन्यातून एकदा भेटायला सुरुवात करावी. डोंबिवलीजवळ खोणी येथील ‘घरकुल’ हा निवासी प्रकल्प पालकांच्या संघटनेनेच उभा केला आहे.

शाळेच्या बाबतीत, कायद्याने ठरवलेल्या किमान प्रमाणात दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना जवळच्या सर्वसाधारण किंवा पसंतीच्या विशेष शाळेत विनामूल्य शिक्षणाचा हक्क २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिला आहे. मूल अठरा वर्षांचे झाले, की कायद्याच्या दृष्टीने ते प्रौढ ठरते आणि बँक, मालमत्ता अशा व्यवहारांत पालकांची सही पुरेशी ठरत नाही. अशा वेळी राष्ट्रीय न्यासाच्या कक्षेत येणाऱ्या दिव्यांगत्वासाठी कायदेशीर पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे करता येतो. त्याची कागदपत्रे सतराव्या वर्षीच जमवायला घ्यावीत, आणि आपल्यानंतर ही जबाबदारी कोण घेईल हे त्या व्यक्तीशी समोर बसून, मुलालाही सोबत घेऊन ठरवावे.