यूपीएसची मागची बाजू एकदा वाचा

घोडबंदर रोडच्या टॉवरांत लाइट गेली की सोसायटीचा जनरेटर सुरू होतो, तरी काहींचा यूपीएस (लाइट गेल्यावर कॉम्प्युटर बॅटरीवर चालू ठेवणारा डबा) टकटक करत बॅटरीवरच राहतो. कारण जनरेटरचा व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी डगमगते आणि यूपीएसला ती वीज खराब वाटते. मॉडेलमध्ये सेन्सिटिव्हिटीची, म्हणजे वीज किती डगमगली की बॅटरीवर जायचं हे ठरवणारी सेटिंग असेल (काहींत मागे छोटं बटण, काहींत सॉफ्टवेअरमध्ये), तर ती 'लो' करा. तेवढ्यानं बहुतेकदा भागतं.

अनेक मॉडेलांत मागचे सगळे सॉकेट सारखे नसतात, हे मात्र दुकानदार क्वचितच सांगतो. काहींना बॅटरीचा आधार असतो, काहींना फक्त सर्ज संरक्षण, म्हणजे व्होल्टेज अचानक उसळला तर बचाव. कॉम्प्युटर, मॉनिटर, वायफाय राउटर पहिल्यांत लावा. लेझर प्रिंटर बॅटरीच्या सॉकेटवर कधीच नको. गरम होताना तो एवढा करंट ओढतो की यूपीएस ओव्हरलोड होतो.

ब्रेकरचं (ओव्हरलोड झाला की उडणारं) बटण बाहेर आलं असेल तर आधी जोडलेली उपकरणं काढा, मगच दाबा. मागचा यूएसबी डेटा पोर्ट मोबाइल चार्जिंगसाठी नसतो बरं का! तो कॉम्प्युटरला जोडला आणि सॉफ्टवेअर घातलं, तर बॅटरी संपण्याआधी मशीन स्वतःहून नीट बंद होतं.