समोरच्या पक्षाला वकील नसेल तेव्हा

दारव्हा, पुसद, मेहकर अशा तालुक्याच्या गावी वकिली सुरू करणाऱ्या नवोदितांकडे वडिलोपार्जित वावराचे हक्कसोडपत्र, म्हणजे बहिणींनी आपला हिस्सा भावासाठी सोडल्याचा दस्त, करून देण्याचे काम लवकरच येते. भाऊ पक्षकार असतो, फी तोच देतो. बहिणी मात्र सकाळच्या एसटीने उतरून थेट दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात येऊन बसतात आणि कोट पाहून तुम्हालाच आपला वकील समजतात. हा समज तेथल्या तेथे दूर करणे, हे तुमचे पहिले काम आहे.

अधिवक्ता अधिनियम, १९६१ खाली भारतीय विधिज्ञ परिषदेने केलेल्या आचारनियमांत प्रतिपक्षाविषयी दोनच नियम आहेत. नियम ३४ प्रमाणे ज्याला वकील आहे त्याच्याशी वादाच्या विषयावर परस्पर बोलता येत नाही. नियम ३५ प्रमाणे प्रतिपक्षाला दिलेली रास्त वचने, ती लेखी नसली तरी, पाळण्याची पराकाष्ठा करावी लागते. बहिणींना वकीलच नसल्याने पहिला नियम लागत नाही, आणि नेमक्या याच मोकळ्या जागेत घसरण होते.

म्हणून प्रथम सांगावे, "ताई, मी तुमच्या भावाचा वकील आहे, तुमचा नाही." त्यानंतर दस्त संपूर्ण वाचून दाखवावा आणि सही केल्यावर या जमिनीतील हिस्सा राहणार नाही, हे साध्या शब्दांत सांगावे. "नुसती सही आहे" हे वाक्य, भाऊ कितीही खुणावत असला तरी, तोंडातून जाऊ देऊ नये. तांड्यावरून आलेल्या बाईंना मराठी नीट उमगत नसेल, तर दुभाषा भावाच्या घरचा नसावा.

"मला हिस्सा असते काय?" असे कोणी विचारलेच, तर नाही म्हणणे हे असत्य ठरते, कारण हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतः सहदायाद (वडिलोपार्जित मालमत्तेची वाटेकरी) आहे आणि दुरुस्तीच्या वेळी वडील हयात असण्याची अट नाही, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. तरीही आपल्याच पक्षकाराविरुद्ध सल्ला देत बसणे तुमचे काम नव्हे. अशा वेळी त्यांना तालुका विधी सेवा समितीकडे पाठवावे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत साहाय्य मिळते. भावाने विश्वासाने सांगितलेले मात्र उघड करू नये. गप्प राहणे आणि खोटे बोलणे यांतील अंतर नवोदितांना फार बारीक वाटते, पण ते स्पष्ट आहे.

दस्तात मोबदला मिळाल्याचे लिहिले असेल, तर तो खरोखर मिळाला आहे काय, हे बहिणीलाच विचारावे. कापूस विकल्यावर रक्कम देऊ, असा शब्द तुमच्यामार्फत गेला असेल, तर तो नियम ३५ च्या कक्षेत येतो.

भाऊ ऐकेनाच, तर नियम ४ नुसार त्याला आवरावे आणि तरीही हट्ट धरल्यास वकीलपत्र सोडावे; पण फी थकली म्हणून त्याचा सातबारा किंवा अन्य कागद अडवून ठेवता येत नाहीत. धुऱ्याच्या (शेताच्या बांधाच्या) वादातील नोटिशीतही खोटे न सांगण्याचे हेच पथ्य पाळावे: मोजणी झाली नसेल, तर झाली असे लिहू नये.

गैरवर्तनाची तक्रार अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३५ खाली राज्य विधिज्ञ परिषदेकडे होते आणि समज देण्यापासून सनद काढून घेण्यापर्यंत कारवाई होऊ शकते. बहिणीला काय सांगितले, याची तारखेनिशी नोंद डायरीत त्याच दिवशी करावी.