प्राथमिक शाळेतील लैंगिकता शिक्षण आणि लिंगभावाचे पाठ : पालकसभेत हा विषय कसा हाताळावा

शाळेने लहान मुलांसाठी शरीर आणि सुरक्षितता या विषयावर तास घ्यायचे ठरवले, की त्याची पहिली चर्चा शाळेच्या सभागृहात होत नाही. ती पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होते आणि बहुधा तिथेच बिघडते. कोणी परदेशातल्या शाळेचा व्हिडिओ पुढे पाठवतो, कोणी ‘एवढ्याशा पोरांना हे कशाला’ असे लिहितो, कोणी त्या लिहिणाऱ्याला मागासलेले ठरवतो आणि कटकट नको म्हणून मुख्याध्यापक तो तासच रद्द करून मोकळे होतात. नकोसा स्पर्श झाला तर कोणाला सांगायचे हे ज्या मुलांना कळायला हवे होते, ती मुले मात्र तशीच राहतात. नाशिकमधील पालक-शिक्षक संघाचे प्रतिनिधी, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य आणि शिक्षक यांना ही सभा नीट घेता यावी, यासाठी हे लिहीत आहे.

विषयपत्रिकेवर तीन वेगळे विषय लिहावेत

विषयपत्रिकेवर ‘लैंगिक शिक्षण’ एवढेच लिहिले, तर प्रत्येक पालक मनात निराळेच काही धरून सभेला येतो. म्हणून तीन विषय स्वतंत्र मांडावेत. पहिला विषय शरीराच्या सुरक्षिततेचा : आपल्या शरीराचे खासगी भाग कोणते, कोणता स्पर्श चालत नाही, ‘नाही’ कसे म्हणायचे आणि कोणाला सांगायचे. दुसरा विषय वयात येताना शरीरात होणाऱ्या बदलांचा, म्हणजे पाळी, आवाज बदलणे, स्वच्छता आणि त्याविषयी वाटणारी भीती. तिसरा विषय लिंगभावाचा : मुलगा आणि मुलगी यांच्याकडून आपण कोणत्या अपेक्षा ठेवतो आणि त्या अपेक्षांत न बसणाऱ्या मुलाशी कसे वागतो.

या तिन्हींवर वेगळी चर्चा आणि वेगळा ठराव व्हावा. पहिल्या विषयावर एकमत व्हायला फारसा वेळ लागत नाही, दुसऱ्यावर थोडे समजावून सांगितल्यावर होते आणि तिसऱ्यावर मतभेद उरतात. तिन्ही एकाच गाठोड्यात बांधले, तर तिसऱ्या विषयाच्या वादात पहिला वाहून जातो. माझ्या मते अशा सभा फसण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

मत देण्याआधी पाठ डोळ्यांखालून घालावा

हा धडा महाराष्ट्राने एकदा घेतलेला आहे. 2005 मध्ये केंद्र सरकारने किशोरवयीन विद्यार्थ्यांसाठी शिक्षण कार्यक्रम आणला आणि 2007 मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो थांबवला. वादाचा मोठा भाग साहित्यातल्या चित्रांवर होता. आक्षेप असलेली चित्रे काढून उरलेला कार्यक्रम ठेवता आला असता का, हा शांतपणे विचारायचा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला.

म्हणून सभेच्या किमान आठवडाभर आधी मुख्याध्यापकांना लेखी पत्र द्यावे आणि इयत्तेनुसार साहित्य मागावे : तक्ते, चित्रे, व्हिडिओ आणि शिक्षकांची टिपणे. तास कोण घेणार, बाहेरच्या संस्थेची व्यक्ती येणार असेल तर वर्गशिक्षिका पूर्ण वेळ वर्गात थांबणार का, हेही त्याच पत्रात विचारावे. साहित्य शाळेतच पाहण्यासाठी ठेवावे आणि कोणीही त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकू नये, असे आधीच ठरवून घ्यावे. पानातले एक चित्र सुटे झाले की मजकुराशी असलेला त्याचा संबंध तुटतो.

परदेशातले व्हिडिओ कोणी पुढे केले, तर ते टाळू नयेत, पण ते कुठले आहेत हे सांगावे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने 2022 मध्ये कायदा करून बालवाडी ते तिसरीपर्यंतच्या वर्गांत लैंगिक कल (कोणाविषयी आकर्षण वाटते) आणि लिंगओळख (आपण मुलगा की मुलगी याविषयीची स्वतःची जाणीव) यांवर शिकवण्यास बंदी घातली. मेरीलँडमधील एका जिल्ह्यात अशा विषयाची गोष्टीची पुस्तके वाचली जाताना मुलांना वर्गाबाहेर ठेवण्याची मुभा पालकांनी मागितली आणि जून 2025 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने आदेश दिला. इंग्लंडमध्ये नातेसंबंधांचे शिक्षण सप्टेंबर 2020 पासून सर्व प्राथमिक शाळांना सक्तीचे आहे. मात्र लैंगिक शिक्षणाच्या तासाला मूल न बसवण्याची मुभा पालकांना आहे. हे वाद खरे आहेत, पण ते तिथल्या कायद्यांचे आणि पुस्तकांचे आहेत. सिडकोतल्या किंवा पंचवटीतल्या शाळेत दुसरीच्या वर्गाला काय शिकवणार, याचे उत्तर त्या शाळेच्या टिपणवहीतच मिळेल.

आपल्याकडचा कायदा काय म्हणतो, हे मात्र सभेत वाचून दाखवावे. लहान मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू आहे. त्याखालील 2020 च्या नियमांनुसार मुलांसाठी वयानुरूप वैयक्तिक सुरक्षिततेचे साहित्य तयार करणे ही सरकारची जबाबदारी आहे आणि 1098 या बालमदत क्रमांकाची माहिती तसेच लिंगसमभावाची जाणीव यांचाही त्यात समावेश आहे. महाराष्ट्रात 2022 पासून शाळांमध्ये सखी सावित्री समिती, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेकडे लक्ष देणारी समिती, असणे अपेक्षित आहे. ऑगस्ट 2024 मध्ये उघड झालेल्या, बदलापूरच्या शाळेतील लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या घटनेनंतर तक्रारपेटी, सीसीटीव्ही आणि या समित्यांवर सरकारने पुन्हा भर दिला. आपल्या शाळेची समिती कागदावर आहे की बैठकाही घेते, हे विचारायला संकोच करू नये.

सभा कोणी बोलवावी आणि कधी

महापालिका, जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांत हा विषय शाळा व्यवस्थापन समितीतून न्यावा. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत किमान 75 टक्के सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. विनाअनुदानित शाळांत पालक-शिक्षक संघ हे योग्य व्यासपीठ आहे. शाळा जूनच्या मध्यात उघडते, तेव्हा जुलै किंवा ऑगस्ट हा काळ बरा. निफाड-दिंडोरीकडच्या पालकांना ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपासून द्राक्षे उतरेपर्यंत सवड नसते, तर सातपूर-अंबडच्या कारखान्यांत जाणाऱ्यांना शिफ्ट पाहावी लागते. म्हणून शक्य असेल तर एकच विषयपत्रिका ठेवून दोन वेळा सभा घ्यावी. निमंत्रणात वडिलांनीही यावे असे स्पष्ट लिहावे. हा विषय आयांवर सोडून दिला, की मुलग्यांशी कोण बोलणार हा प्रश्न अनुत्तरित राहतो. मुलाला शाळेतून आणणारे आजी-आजोबा असतील, तर त्यांनाही बोलवावे.

आश्रमशाळांबद्दल एक गोष्ट इथेच सांगणे भाग आहे. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्ये आहे आणि जिल्ह्याच्या सुरगाणा, पेठ भागातील अनेक मुले आईवडील मजुरीसाठी बाहेरगावी असताना वसतिगृहात राहतात. त्यांच्या पालकांना सभेला येणे परवडत नाही. अशा शाळेत सभा भरली नाही म्हणून सुरक्षिततेचा तास थांबवणे मला अजिबात मान्य नाही.

पहिला विषय : तास कसा होतो ते दाखवावे

सभेत व्याख्यान देण्यापेक्षा शिक्षिकेने पहिली-दुसरीचा तास पालकांसमोर दहा मिनिटे घेऊन दाखवावा. फळ्यावर मुलाची बाह्याकृती काढलेली असते. छाती, दोन पायांमधली जागा, पार्श्वभाग आणि ओठ यांवर खडूने खूण करून बाई सांगतात, “या जागा आपल्या खासगी आहेत. आंघोळ घालताना आई-बाबा किंवा तपासताना आईसमोर डॉक्टर सोडले, तर दुसऱ्या कोणीही इथे हात लावायचा नाही, आणि आपल्याला त्यांच्या अशा जागी हात लावायला सांगायचेही नाही.” मग मुलांना आपल्या विश्वासातल्या पाच मोठ्या माणसांची नावे हाताच्या पाच बोटांवर मोजायला सांगतात आणि एक नियम पाठ करून घेतात : कोणी ‘हे गुपित ठेव’ म्हणाले, तर ते गुपित ठेवायचे नाही. एकाने ऐकले नाही, तर दुसऱ्या बोटाकडे जायचे. एवढाच तास असतो. त्यात पालकांना आक्षेपार्ह वाटेल असे काही सापडत नाही, आणि हे त्यांनी स्वतः पाहिलेले असते हे महत्त्वाचे.

तरीही प्रश्न येतील. “यामुळे मुलांची निरागसता जाईल,” असे कोणी म्हणाले, तर ती काळजी खरी आहे हे मान्य करून केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाचा 2007 चा अभ्यास पुढे ठेवावा. 13 राज्यांतील 12 हजारांहून अधिक मुलांशी बोलून केलेल्या त्या अभ्यासात निम्म्याहून अधिक, म्हणजे 53.22 टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले. त्यांत मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा कमी नव्हते, आणि अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासातले होते. “हे आम्ही घरीच शिकवू,” असे म्हणणाऱ्या पालकांना जरूर शिकवा म्हणावे. पण त्रास देणारा माणूस घरातला असेल, तर त्या मुलाला शाळेशिवाय दुसरे दार नसते, हेही त्यांना सांगावे. या विषयावर मतदान घेऊ नये. हा तास होणारच असे धरून तो कसा व्हावा यावरच सूचना मागाव्यात.

दुसरा विषय : चौथीपर्यंत थांबावे, त्यापुढे नाही

मुलींमध्ये वयात येण्याची पहिली लक्षणे साधारण 8 ते 13 आणि मुलग्यांमध्ये 9 ते 14 या वयात दिसू लागतात. चौथीतली मुलगी 9-10 वर्षांची असते. तिला पाळीची माहिती सहावीत द्यायचे ठरवले, तर काही मुलींच्या बाबतीत ती उशिरा पोहोचेल आणि पहिला डाग पाहून ती मुलगी आपल्याला काहीतरी गंभीर झाले असे समजून घाबरेल. म्हणून चौथीच्या दुसऱ्या सत्रात हा तास घ्यावा. पहिला तास मुली आणि मुलगे यांचा वेगळा घेतला तरी चालेल, पण मुलग्यांनाही पाळीची माहिती द्यावी. वर्गात डाग पडलेल्या मुलीला चिडवणारे मुलगे अज्ञानातूनच तसे वागतात. केंद्राच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना, शक्यतो एक पुरुष आणि एक स्त्री, प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. आपल्या शाळेतले ते दोघे कोण हे विचारून घ्यावे आणि शंका-समाधानासाठी एखाद्या बालरोगतज्ज्ञाला सभेला बोलवावे.

तिसरा विषय : लिंगभाव

इथे आवाज चढतो. काही पालकांना वाटते, की मुलाच्या मनात नसलेला गोंधळ शाळा निर्माण करील; काहींना वाटते, की न बोलल्यामुळे वेगळ्या मुलाचे शालेय आयुष्य नरक होईल. दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत बोलू द्यावे. त्यानंतर प्रश्न लहान करावा : आपल्या पहिली ते चौथीच्या वर्गात नेमके काय व्हावे?

यातला काही भाग आपल्या मुलांच्या पुस्तकात आधीच आलेला आहे. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात घरकाम करणारे पुरुष आणि डॉक्टर, पोलीस असलेल्या स्त्रिया यांची चित्रे आली. भाजी निवडणारे बाबा पाहून कोणत्याही मुलाच्या मनात गोंधळ झाला नाही, आणि तिसऱ्या विषयाची सुरुवात तिथूनच होते. त्यापुढे, सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 च्या निकालात तृतीयपंथी व्यक्तींना कायदेशीर ओळख दिली आणि 2019 च्या कायद्याने शिक्षणसंस्थांत त्यांच्याशी भेदभाव करण्यास मनाई केली. 2021 मध्ये एनसीईआरटी या शालेय अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्या केंद्रीय संस्थेने पारलिंगी (तृतीयपंथी) मुलांना शाळेत सामावून घेण्याविषयी शिक्षकांसाठी तयार केलेली पुस्तिका आक्षेपांनंतर संकेतस्थळावरून काढली गेली. म्हणजे हा वाद आपल्या देशातही आहे, आणि तो एका पालकसभेत मिटणार नाही.

माझे मत असे, की प्राथमिक वर्गात लिंगओळखीच्या सिद्धान्तांवर पाठ घेण्याची गरज नाही. चार गोष्टी मात्र पक्क्या असाव्यात. कामे मुलामुलींत वाटून दिलेली नसतात, हे शिकवावे. कोणाच्याही चालण्या-बोलण्यावरून चिडवणे खपवून घेतले जाणार नाही, हे शिक्षकांनीही पाळावे, कारण ‘बायल्या’ हा शब्द मुले पुष्कळदा मोठ्यांच्या तोंडूनच उचलतात. सिग्नलवर दिसणाऱ्या तृतीयपंथी व्यक्तीविषयी मुलाने विचारले, तर ‘तीही आपल्यासारखी माणसे आहेत, त्यांच्याशी आदराने बोलायचे’ असे साधे उत्तर द्यावे. आणि एखादे मूल स्वतःविषयी काही वेगळे सांगू लागले, तर शिक्षकाने वर्गात त्याची चर्चा करू नये, निष्कर्षही काढू नये. समुपदेशकाच्या मदतीने, मुलाला मार बसणार नाही याची खात्री करून पालकांशी बोलावे. संकोच वाटणारे बरेच पालक एवढ्याला तयार होतात. ज्यांना यापुढे जायचे आहे, त्यांची मागणी इतिवृत्तात नोंदवावी आणि पुढच्या सभेसाठी ठेवावी.

सभेनंतर

इतिवृत्तात तिन्ही ठराव इयत्तेसह लिहावेत : तास कोणत्या महिन्यात, कोण घेणार, कोणते साहित्य वापरणार. तास झाल्याच्या दिवशी पालकांना एक चिठ्ठी जावी, त्यात शिकवलेल्या गोष्टी आणि घरी मुलाशी बोलण्यासाठी दोन-तीन प्रश्न असावेत. ‘तुझी पाच बोटे कोणकोणती?’ हा प्रश्न त्यात जरूर घालावा. व्हॅनवाले काका त्या पाचांत आले, तर त्यात वावगे काही नाही, पण ते का आले हे आपल्याला कळते.

अशा तासानंतर एखादे मूल काही सांगू लागण्याची शक्यता असते आणि शाळेने त्याची तयारी आधीच करावी. मूल सांगत असताना ‘तू तिथे गेलासच कशाला’ असे विचारू नये, खोदून प्रश्न करू नयेत, त्याचेच शब्द लिहून ठेवावेत. पॉक्सोच्या कलम 19 नुसार अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. न कळवणे हाही गुन्हा असून हाताखालच्या व्यक्तीने केलेला गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. प्रकरण आपसात मिटवण्याचा अधिकार संस्थाचालकांना नाही आणि पालक संघालाही नाही. मुलाचे नाव, वर्ग किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील ग्रुपवर जाता कामा नये. 1098 हा क्रमांक मुलांच्या नजरेच्या उंचीवर, पाण्याच्या टाकीजवळ आणि स्वच्छतागृहाच्या बाहेर, मोठ्या अक्षरांत लावावा.

दिवाळीनंतरच्या पहिल्या सभेत शिक्षिकांनी मुलांनी विचारलेले प्रश्न नावे वगळून वाचून दाखवावेत आणि चौथीचा तास त्या प्रश्नांवरून ठरवावा.