दोरात्सिओचा सही केलेला लिथो घेताय? मग सही सगळ्यात शेवटी बघा

इटालियन चित्रकार पिएरो दोरात्सिओचा लिथो (लिथोग्राफ, म्हणजे दगडावरून किंवा प्लेटवरून छापलेलं चित्र) विकायला दिसला, खाली उजवीकडे पेन्सिलने सही, डावीकडे ३४/१००, की आपण सगळे आधी सहीवरच झूम करतो. मी पण तेच करायचो. आता सांगतो, आधी छपाई बघा, मग कागद, आणि सही शेवटी. कारण साध्या पोस्टरखाली पेन्सिल फिरवायला दोन मिनिटं लागतात, पण लिथोचा रंग असा सहज नकली करता येत नाही.

दोरात्सिओ रोमचा, जन्म १९२७. १९४७ मध्ये कार्ला आक्कार्दी, कोन्साग्रा, पेरिल्ली, तुर्कातो वगैरे कलाकार मंडळींबरोबर त्याने 'फोर्मा उनो' ग्रुप काढला, आणि पुढे तो ओळखला गेला ते एकमेकांवरून जाणाऱ्या रंगीत पट्ट्यांसाठी, अगदी विणल्यासारखे पट्टे. आपल्याला तपासायला हीच गोष्ट कामाला येते. लिथोत प्रत्येक रंगाचा वेगळा दगड किंवा वेगळी प्लेट असते, त्यामुळे पिवळा पट्टा निळ्यावरून गेला की तिथे शाईवर शाई चढलेली असते आणि हिरवा तिथेच तयार होतो. सोनाराकडे असतं तसलं दहा पटीचं भिंग घ्या आणि नेमकं त्या जागी धरा. सलग शाई किंवा शाईचा वेडावाकडा, दाणेदार पोत दिसला तर चांगलं, पण निळे, गुलाबी, पिवळे, काळे बारीक ठिपके रांगेत फुलासारखे मांडलेले दिसले तर ती फोटोवरून केलेली ऑफसेट, म्हणजे पोस्टर-मासिकांसारखी छपाई आहे. त्यावर कलाकाराची खरी सही असूही शकते, पण मग किंमत लिथोची द्यायची नाही. लांबून घेत असाल तर विकणाऱ्याकडून अशा जागेचा अगदी जवळून काढलेला फोटो मागवा, नाही म्हणाला तर सोडून द्या.

मग कागद. फ्रेममधून बाहेर काढून पुढचा-मागचा फोटो हवाच, काचेआडून काही कळत नाही. मार्जिन कापलंय का, पुठ्ठ्याला चिकटवलंय का, तपकिरी ठिपके आलेत का, जुन्या माउंटची (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची) पिवळी रेघ उमटलीय का, हे सगळं बघा. उन्हाने रंग उडालेला दोरात्सिओ मी तरी कितीही स्वस्त मिळाला तरी घेणार नाही, त्याच्याकडे रंगाशिवाय दुसरं आहे काय! कागद उजेडासमोर धरला की फाब्रियानो किंवा आर्शसारख्या कागद बनवणाऱ्यांचा वॉटरमार्क दिसू शकतो. छापखान्याचा कोरा, म्हणजे शाईशिवाय नुसता दाबून उठवलेला शिक्का असेल तर तोही तपासा.

३४/१०० म्हणजे चौतिसावा छापलेला असं काही नसतं, शंभर प्रतींच्या एडिशनमधली (ठरवून काढलेल्या संचातली) ती एक प्रत एवढंच. 'पी. डी. ए.' ('प्रोवा दार्तिस्ता') लिहिलं असेल तर ती कलाकाराची स्वतःची प्रत.

आता सही. इटालियन वर्णनात 'फिर्माता आ मातीता' म्हणजे पेन्सिलने, हाताने केलेली. 'फिर्माता इन लास्त्रा' म्हणजे सही प्लेटवरच होती आणि चित्राबरोबर छापली गेली, ती हातची नव्हे. लोक इथेच जास्त फसतात. खरी पेन्सिल उजेडात तिरकी धरली की थोडी चकाकते आणि कागद किंचित दबलेला जाणवतो.

इटलीतल्या डीलरकडून घेताना अस्सलपणाचं सर्टिफिकेट हक्काने मागा, तिथल्या कायद्यानेच त्याला ते द्यावं लागतं. बिलावर कलाकार, वर्ष, तंत्र, एडिशन नंबर आणि कागदाचं माप लिहून घ्या.

घरी आल्यावर अ‍ॅसिड-फ्री माउंट लावा, काच चित्राला चिकटू देऊ नका, आणि मुंबई-कोकणात असाल तर पावसात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर तर अजिबात टांगू नका, आतल्या भिंतीवर, थेट ऊन येणार नाही तिथे लावा.