गांजाची केस लागली तर पहिल्या आठवड्यात काय करायचं

वकील, आधार कार्ड, पैसे यावर बोलत नाही, ती धावपळ कुणीही करतोच. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. कोठडीतल्या माणसाला तिथून फुकट वकील मिळतो. नंबर 15100.

आता सीसीटीव्ही फुटेज. मामेभावाची पिकअप हायवेला धरली तेव्हा हेच राहून गेलं. ढाबा, पेट्रोल पंप, हॉटेल यांच्या डीव्हीआरवर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) साधारण पंधरा दिवस, फार तर महिनाभर राहतं, मग त्यावर नवं चढतं. शिरपूर ते धुळे पट्ट्यात गाडी किती वाजता अडवली, गोणी कुठून निघाली, पंच आधीपासून होते की मागून आणले, हे तिथंच दिसणार. कागदावर अटक रात्रीची आणि माणूस सकाळपासून बसवलेला, असं असेल तर 24 तासांत मॅजिस्ट्रेटसमोर नेण्याचा हिशोबच फिरतो. म्हणून त्याच दिवशी ढाबेवाल्याला लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि फुटेज जपून ठेवण्याचा अर्ज वकिलाकरवी कोर्टात टाका. स्क्रीनचं मोबाईलवर शूटिंग करून आणू नका; साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं) प्रमाणपत्र सोबत लागतं. पोलीस ठाण्यातलं फुटेजही मागा. ते 18 महिने ठेवायचं, असं सुप्रीम कोर्टानं 2020 मध्ये सांगितलंय, पण त्या भरवशावर बसू नका.

घरच्यांनी आरोपीच्या मोबाईलमधलं काही पुसायचं नाही. पंचाला फोन करायचा नाही. ‘साहेब ओळखीचे आहेत’ म्हणत पैसे मागणारा येईलच, त्याला चहासुद्धा पाजू नका.

पंचनामा वकिलाशेजारी बसून ओळ-ओळ वाचा. अंगझडती घेतली असेल तर एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थ कायद्याचं कलम 50 बघा (पुढची कलमंही याच कायद्याची): राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती मागायचा हक्क आरोपीला सांगितला होता का? हा हक्क अंगझडतीपुरता आहे, पिशवीला किंवा गाडीला लागत नाही. आमच्याकडे बसस्टँडवरचे सल्लागार नेमकं उलटं सांगतात. अटकेची कारणं लेखी मिळाली का, आणि त्याला कळेल अशा भाषेत? पावरी बोलणाऱ्याच्या हातात इंग्रजी कागद देऊन उपयोग काय! आरोपीनं कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा द्यायचा नाही. झडतीचं व्हिडिओ चित्रीकरण 1 जुलै 2024 पासून कायद्यातच आहे, तेही मागा. आणि ढाब्याचा अर्ज गेला का? नसेल तर वाचन थांबवा, आधी तो द्या.

मग वजन. गांजा 1 किलोपेक्षा कमी तर अल्प मात्रा, 20 किलोपेक्षा जास्त तर व्यावसायिक. व्यावसायिक ठरला की कलम 37 मुळे जामीन फार अवघड, शिक्षा किमान 10 वर्षं. सातपुड्याच्या पायथ्याला शेतातली झाडं मुळासकट उपटून मोजली असतील तर नीट विचारा. कायद्यातला गांजा म्हणजे फुलं किंवा फळं धरलेले शेंडे. शेंड्यांशिवाय नुसती पानं आणि बिया त्यात येत नाहीत. वजन ओल्या मालाचं की सुक्याचं, गोणीसकट की वेगळं? नमुने कलम 52अ प्रमाणे मॅजिस्ट्रेटसमोर काढले का, सीलचं वर्णन पंचनाम्यात आणि सीए (रासायनिक विश्लेषक) रिपोर्टात एकच आहे का? पण लागवडीचा गुन्हा वेगळा आहे, तिथं किलोचा हिशोब वाचवत नाही. तिथं जमीन कुणाच्या ताब्यात हे आधी येतं, सातबारा किंवा वनपट्टा काढून ठेवा.

चौकशीत नाव-गाव सांगावं, गुन्ह्याबद्दल वकिलाला विचारूनच. अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा होत नाही, सुप्रीम कोर्टाच्या 2020 च्या तोफानसिंग निकालापासून कलम 67 खाली घेतलेला जबाबही नाही. तरी बडबड करू नये.

तारखा भिंतीवर लिहा. व्यावसायिक मात्रेत चार्जशीटला 180 दिवस (कोर्ट वर्षापर्यंत वाढवू शकतं), त्याखालच्या गांजात 60. मुदत उलटली की त्याच दिवशी जामिनाचा अर्ज. चार्जशीट आधी आली की तो हक्क गेला. इथल्या कोर्टानं जामीन नाकारला तर हायकोर्टाचं औरंगाबाद खंडपीठ, सोबत नकला, सीए रिपोर्ट. आत गोळ्या लागत असतील तर डॉक्टरची चिठ्ठी.