रानऑलिव्ह वाळतंय? पानाचा फोटो नंतर, आधी जमीन बघा

दक्षिण स्पेनमध्ये, म्हणजे आंदालुसियात, रानटी ऑलिव्हला आसेबुचे म्हणतात आणि त्याची चांगली दाट जंगलं आहेत. इकडे शिकायला किंवा नोकरीला आलेले आपले लोक वीकेंडला फिरायला जातात, काही जण झाडं लावायच्या कार्यक्रमातही असतात, आणि एखादं झाड वाळलेलं दिसलं की पानाचा क्लोजअप काढून विचारतात, कुठला रोग आणि काय फवारायचं. आता गंमत अशी की पानावर जी बुरशी दिसते तिने रानऑलिव्ह सहसा मरत नाही, मारणारी भानगड जमिनीखाली असते आणि ती फोटोत येत नाही.

म्हणून पहिलं काम, झाडापासून चार पावलं मागे जा आणि मेलेली झाडं कुठेकुठे आहेत ते बघा. ओढ्याच्या कडेला, खोलगट जागी, पावसाळ्यात (इथला पावसाळा म्हणजे हिवाळा) पाणी साचतं तिथे घोळक्याने वाळली असतील तर मूळकुजीचा संशय घ्या. एकाच झाडाची एकच बाजू वाळली असेल तर मर रोग. फक्त खालच्या फांद्या बोडक्या झाल्या असतील तर पानावरचे ठिपके, त्याचं टेन्शन घेऊ नका.

मूळकुजीवर जरा जास्त बोलतो कारण खरा घात तिथेच आहे. सेव्हिल्याजवळ ला पुएब्ला देल रिओ गावाच्या हद्दीत देएसा दे आबाखो नावाची राखीव जागा आहे, तिथल्या रानऑलिव्हवर पांढऱ्या करकोच्यांची मोठी वसाहत घरटी करते. तिथली झाडं सुकायला लागली तेव्हा मुळांमधून फायटॉप्थोरा या मुळं कुजवणाऱ्या रोगजंतूच्या दोन जाती निघाल्या, क्रिप्टोजिया आणि मेगास्पर्मा. फायटॉप्थोरा आपल्याला नवीन नाही, नागपुरी संत्र्याचा डिंक्या आणि कोकणात सुपारीवर येणारा कोळे रोग याच खानदानातले. शास्त्राच्या भाषेत ही खरी बुरशी नाही, शेवाळाच्या जवळची आहे, पण वागते बुरशीसारखी, आणि तिचे बीजाणू चक्क पाण्यात पोहतात, त्यामुळे चिकणमाती आणि साचलेलं पाणी मिळालं की ती एका मुळावरून दुसऱ्यावर आरामात जाते. ओळखायची खूण म्हणजे जमीन ओली आणि झाड मात्र तहानलेलं दिसतं, पानं मलूल, शेंडे वाळत खाली येतायत.

खात्री करायची असेल तर राखीव क्षेत्रात आधी परवानगी काढा, उगाच खोदू नका. खोडाला चिकटून नाही, फांद्यांच्या घेराखाली १० ते ३० सेंटीमीटर खोलीवरून माती आणि बारीक तंतुमुळं घ्या. मूळ चिमटीत धरून ओढलं आणि वरची साल मोज्यासारखी निघून आत नुसता दोरा उरला तर कूज आहे. हे शरद किंवा वसंतात करा, कडक उन्हाळ्यात माती कोरडीठाक असते तेव्हा फायटॉप्थोरा असूनही सापडत नाही. घरी एवढं करता येतं की माती भांड्यात घालून वर बोटभर पाणी ओता, गढूळपणा बसू द्या, आणि त्यावर कोवळी निरोगी पानं तरंगत ठेवा, भांडं सावलीत २० अंशांच्या आसपास. चार-पाच दिवसांत पानांवर पाणचट तपकिरी डाग आले तर संशय पक्का, पण निदान नाही, कारण पिथियम या त्याच्याच भाऊबंदानेही असेच डाग येतात, जात कुठली ते लॅबच सांगणार. नंतर ते पाणी उकळूनच टाका, कुंडीत तर अजिबात नको.

खोदताना बुंध्याशी सालीखाली पांढरा पंख्यासारखा पापुद्रा आणि अळंबीचा वास आला तर ते आर्मिलारिया, मुळं कुजवणारी दुसरी बुरशी, वेगळं प्रकरण.

मर रोग म्हणजे व्हर्टिसिलियम. ही मातीतली बुरशी १० वर्षांहून जास्त टिकते. ग्वादालकिविर नदीच्या खोऱ्यात कापूस भरपूर होतो आणि कापसावरही हीच बुरशी येते, तेव्हा कापसाच्या शेताला लागून रानऑलिव्ह लावू नका, लावलेलं असेल तर शेतातलं पाणी तिकडे वळू देऊ नका. फुलोरा वाळून फांदीलाच चिकटून राहिलाय आणि पानं गुंडाळलीत, तर तिचीच शंका धरा. बाय द वे, काही रानऑलिव्ह या रोगाला सहजी बळी पडत नाहीत, म्हणून त्यांच्यावर लागवडीच्या ऑलिव्हचं कलम करता येईल का यावर इकडे बरंच काम झालंय.

पानांचं पटकन सांगतो. वरच्या बाजूला गोल काळपट डाग आणि भोवती पिवळी कड म्हणजे रेपिलो हा पानावरचा बुरशीचा रोग, १५ ते २० अंश आणि ओलं पान असलं की वाढतो. डाग अजून दिसत नसले तर पानं ५ टक्के कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात अर्धा तास बुडवा, लपलेले काळे गोल वर येतात, पण हातमोजे आणि चष्मा घालून, कॉस्टिक सोडा म्हणजे खेळ नाही. पानाच्या खालच्या बाजूला शिसाच्या रंगाची राख दिसली तर तो एम्प्लोमादो, हाही पानावरचा बुरशीचाच रोग. बोटाने पुसली जाणारी काजळी तर खवले किडीच्या चिकट्यावर वाढते, आंब्यावर तुडतुड्यांमुळे येते तशीच. फांदीवरच्या गाठी बॅक्टेरियामुळे होतात, बुरशीचा संबंध नाही. आणि पानं टोकाकडून करपत चालली असतील तर झायलेला नावाच्या बॅक्टेरियाचा रोग पण असू शकतो, इटलीत पुलियामध्ये २०१३ मध्ये सापडला तोच, अशा वेळी फांदी तोडून घरी आणू नका, सरळ तिथल्या कृषी खात्याला कळवा.

आता करायचं काय. जंगलात फवारणी हा विषयच नाही, तांब्याचं औषध मुळापर्यंत जात नाही, ओढ्यात मात्र जातं. करण्यासारखं आहे ते बुटांचं. आजारी पट्ट्यातून बाहेर पडताना तळव्यांचा चिखल ब्रशने पूर्ण काढा, मग ७० टक्के अल्कोहोल मारा, हाच क्रम, कारण चिखलावरून मारलेलं अल्कोहोल वाया जातं. कुदळ, सायकलची चाकं, कुत्र्याचे पंजे (अल्कोहोल नाही, नुसतं पाणी) पण धरा. फिरायचं असेल तर निरोगी भाग आधी, आजारी भाग शेवटी. रोपं लावणाऱ्यांनी नर्सरीतलं रोप कुंडीतून काढून मुळं बघितल्याशिवाय जंगलात न्यायचंच नाही, तपकिरी गिळगिळीत मुळं दिसली तर अख्खा लॉट परत करा, लाजू नका. बरेचदा रोग जंगलात रोपाबरोबरच जातो आणि मग आपण पावसाला दोष देत बसतो. मेलेल्या झाडाच्या जागी लगेच तेच झाड लावू नका, आणि तिथली माती उचलून दुसऱ्या खड्ड्यात तर अजिबात घालू नका.

लॅबला नमुना पाठवायचा असेल तर मुळं आणि माती दोन्ही एकाच जाड पिशवीत, किंचित ओलसर ठेवून, उन्हात तापणाऱ्या गाडीत न ठेवता, पिशवीवर जागा, तारीख आणि तिथे पाणी साचतं का ते लिहून. फ्रीजर नको.